बिनकामाचं चालणं

(नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्या व बचत गटांतील महिलांच्या नांदेड येथील मेळाव्यात केलेलं भाषण)



मला आज विषय दिला होता 'भंडारदरा शिबिराचा अहवाल'. अहवाल मी लिहून दिलेला आहे. तीन पानांचा आहे, कार्यालयात फाइलला लावलेला आहे. त्यात उद्दिष्टं आहेत, सहभागींची संख्या आहे, 'निष्पत्ती' नावाचा एक रकाना आहे. त्यातली एकही ओळ खोटी नाही, पण सगळ्या ओळी मिळून जे सांगतात ते खरं नाही. म्हणून जे तिथं लिहिता आलं नाही ते आज तोंडी सांगते.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही अठरा जणी भंडारदऱ्याला गेलो. किनवट, मुखेड, कंधार, देगलूर या बाजूच्या अकरा आणि औसा, निलंगा, अहमदपूरकडच्या सात. तिथं चार दिवस राहिलो. सकाळी चालायचं. दुपारनंतर ज्या बाईला जे करावंसं वाटेल ते करायचं. चित्र काढा, लिहा, शिवा, गा. एवढाच कार्यक्रम. पुण्यामुंबईकडच्या बायका पैसे भरून अशा सुट्टीला जातात. इंग्लंडात डोंगर आणि तळ्यांचा लेक डिस्ट्रिक्ट नावाचा मुलूख आहे, तिथं दिवसा चालणं आणि संध्याकाळी चित्र काढणं अशी सुट्टी लोक ठरवून घेतात. आपल्या गटातल्या बाईनं असं जावं हे मात्र कुणाला सुचत नाही. मलाही कामाच्या बारा वर्षांत सुचलं नव्हतं.

सुचलं ते मुखेड तालुक्यातल्या एका बैठकीत. बैठक सुरू व्हायच्या आधी बायकांना बोलतं करायला आपण काहीबाही विचारतो ना, तसं मी विचारलं, "एक दिवस काहीच काम नसलं तर काय कराल?" बराच वेळ कुणी बोलेना. मग एक म्हणाली, "झोपीन." सगळ्या हसल्या. कोपऱ्यातल्या एक मावशी मात्र म्हणाल्या, "हिंडीन." म्हटलं, कुठं? "कुठंबी. काम नसताना."

आता, आपल्या बायका चालत नाहीत असं थोडंच आहे? चालून चालून टाचा फुटल्यात. पाण्याला चालतात, सरपणाला चालतात, रोजगार हमीच्या कामावर चालतात, उसाच्या फडात डोक्यावर मोळी घेऊन चालतात. माहूरला रेणुकेच्या पायऱ्या चढतात, आषाढीला पंढरीची वाट धरतात. पण प्रत्येक चालण्याला कारण लागतं, एक तर घागर नाही तर देव. दोन्ही नसलेली बाई रस्त्यानं दिसली की प्रश्न येतो, "कुठं निघालीस?" हाच प्रश्न पुरुषाला रामराम म्हणून विचारतात आणि बाईला चौकशी म्हणून. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतल्या बायकांवर 'व्हाय लॉइटर?' नावाचं इंग्रजी पुस्तक लिहिलं आहे, २०११ साली निघालं. त्यांचं म्हणणं असं, की शहरातल्या बाईलाही रस्त्यावर आपण कामाला निघालोय असं सतत दाखवत राहावं लागतं. म्हणजे तिच्या हातात पर्स आणि आपलीच्या डोक्यावर घागर, एवढाच फरक.

पैशाचं सांगते, कारण ते नेहमी विचारलं जातं. दर बाईनं महिन्याला ५० रुपये असे दोन वर्षं बाजूला टाकले. १२०० रुपये झाले. उरलेलं संस्थेनं घातलं. आणि इथंच माझी चूक आहे. घरून सोडावं आणि समितीनं मंजूर करावं म्हणून मी या सुट्टीला नाव दिलं, 'महिला सक्षमीकरण व कौशल्यविकास निवासी प्रशिक्षण'. प्रत्येकीच्या घरी या नावाचं पत्र गेलं, गोल शिक्का मारून. नाव माझंच. त्यावेळी मला त्याचा अभिमानही वाटला होता. त्याच्याकडे पुन्हा येते.

निघायच्या आधीच दोघी गळाल्या. सोयाबीन काढून झालं होतं, हरभरा पेरला होता, म्हणून आम्ही तो काळ धरला होता. पण तोच कारखाने सुरू व्हायचा काळ. मुखेड-कंधारकडच्या दोघींची उचल झालेली होती, कोयता निघाला, त्या गेल्या. हंगाम बघताना मी फक्त स्वतःच्या शेतात राबणाऱ्या बायकांचा हंगाम बघितला, ऊसतोडीच्या बायकांचा बघितला नाही. पुढच्या वेळी हे आधी धरायला हवं.

तपोवन एक्सप्रेसनं नाशिक रोडपर्यंत आणि तिथून घोटीमार्गे गाडीनं असा प्रवास झाला. लातूरकडच्या सातजणी एसटीनं परभणीला येऊन गाडीत चढल्या. संध्याकाळ उतरता उतरता अठरापैकी नऊ जणींना घरून फोन आले. कुकरच्या किती शिट्ट्या, गॅसचं कार्ड कुठंय, म्हशीला काय झालंय. त्यातल्या एकीनं फोन ठेवून दिला आणि म्हणाली, "आता रेंज न्हाई म्हून सांगते." भंडारदऱ्याला रेंज खरंच कमी आहे. त्याचा किती फायदा होतो ते पुढं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याच्या काठानं चालायला लागलो. भंडारदऱ्याचं धरण प्रवरा नदीवर आहे. इंग्रजांच्या अमदानीत १९२६ साली पुरं झालं म्हणून त्याचं नाव विल्सन डॅम आणि पाण्याचं आर्थर लेक. पावसाळा नुकताच सरलेला, पाणी काठोकाठ, पलीकडं रतनगडाचा डोंगर. आपल्याकडच्या बायका एवढं पाणी बघून आधी गप्पच झाल्या. मग एकीनं विचारलं, "हे पाणी जातं कुठं?" मी सांगितलं, की प्रवरा खाली प्रवरासंगमला गोदावरीला मिळते, ते पाणी जायकवाडीत जातं आणि तीच गोदावरी आपल्या नांदेडला येते. त्या पाण्यावरून नगर-नाशिक आणि मराठवाडा किती भांडले, हायकोर्टापर्यंत कसे गेले, तेही थोडं सांगितलं. "म्हंजी आपलंच पाणी हाय की!" असं नांदेडकडच्या एकीनं म्हटल्यावर लातूरच्या बाईनं लगेच सुनावलं, "तुमचं आसंल. आमचं रेल्वेनं येतं." २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची गाडी तिनं स्टेशनावर जाऊन पाहिलेली होती.

आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या ताई सोबत होत्या. महादेव कोळी समाजाच्या, तिथल्याच. त्या म्हणाल्या, "तळं आमच्या दारात हाये, पर पाणी खालच्या उसाला जातं." त्यानंतर बराच वेळ कुणी पाण्याचं बोललं नाही.

या ताईंच्या घरी जेवायला नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, तांदळाचा भात. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या आमच्या बायकांनी पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं आणि चौथ्या दिवशी नागलीचं पीठ बांधून मागितलं. पण खरी अडचण चवीची नव्हती. पहिल्या रात्री जेवण झालं आणि अठराच्या अठरा जणी ताटं उचलून मोरीकडं. ताई म्हणाल्या, "बसा, तुम्ही पैसे देता." आमच्या बायकांना बसणं जमेना. त्यांना बसवायला मला रागवावं लागलं. रागवता रागवता माझ्या लक्षात आलं, की अठरा जणींची सुट्टी एकोणिसाव्या बाईच्या हातांवर चालली आहे. सुट्टी म्हणजे दुसऱ्या बाईनं करायचं काम, असा तिचा अर्थ होणार असेल तर आपण तेवढं लांब गेलो कशाला? यावर आम्ही तिसऱ्या रात्री तोडगा काढला. दोघींनी पिठलं टाकलं, एकीनं भाकऱ्या थापल्या आणि ताईंना कागद देऊन बसवलं. तोडगा पुरा नाही. त्यांना त्या रात्रीचे पैसे द्यायचे की नाहीत यावरही वाद झाला. दिले.

याच ताईंनी कळसूबाईची गोष्ट सांगितली. कळसूबाई हे आपल्या राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. पुस्तकात आपण उंची पाठ केलेली असते, बाई कोण ते कुणी सांगत नाही. सांगतात ते असं. कळसू नावाची कोळ्याची पोर होती, तिला रानात हिंडायची भारी आवड. ती एका घरी कामाला राहिली, पण अट घालून. भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. बाकी काय ते सांगा. काही दिवस ठीक चाललं. मग एक दिवस कुणीतरी तिला भांडी घासायला लावलंच. तिनं घासली. आणि तिथून जी निघाली ती डोंगरावर गेली, पुन्हा खाली आली नाही. वर तिचं देऊळ आहे, नवरात्रात आसपासच्या गावांतल्या बायका तिला भेटायला चढतात. १८८४ सालच्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटियरातही ही गोष्ट आहे, म्हणजे आम्हाला खूश करायला कुणी रचलेली नाही.

हिंडायची आवड असलेल्या, भांडी-केर नको म्हणणाऱ्या पोरीला लोकांनी देवी केलं. जिवंत असती तर काय केलं असतं ते आपल्याला ठाऊक आहे. आमच्यातली एक फट्‌कन म्हणाली, "देवी झाल्यावर हाय की सगळं माफ."

तिसऱ्या दिवशी बारी गावातून चढलो. वाट दमवणारी आहे, अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. अकरा जणी वर पोचल्या, सात जणी अध्यावर एका सपाटीवर बसून राहिल्या. सगळ्या वर जायला हव्या होत्या असं मला मुळीच वाटत नाही. वर पोचलेल्यांनी काय केलं? देवीला कुंकू लावलं, वाऱ्यात पदर धरून उभ्या राहिल्या, आणि एक साठीच्या आसपासची बाई जोरात ओरडली. कुणाला हाक नाही, काही शब्द नाही, नुसती ओरडली. मग लाजली. मग दुसरी ओरडली.

आता चित्र-लिखाणाचं. पहिल्या संध्याकाळी मी रंग, कागद, कोळसा, गेरू सगळं मांडलं आणि शिबिराच्या सवयीनं विषय दिला, 'माझं स्वप्न'. तासाभरात कागद आले. शौचालय, गॅसची शेगडी, पोलिसाच्या वेषातली मुलगी. हे सगळं आपल्याच भित्तिपत्रकांवर असतं. बायकांनी आपल्याला हवं ते उत्तर दिलं, इतक्या वर्षांत त्यांना ते कळलेलं आहे. एकीनं कागद कोराच घडी घालून पिशवीत ठेवला, "पोरीला शाळंत लागंल," म्हणून. दुसऱ्या दिवशी मी विषय दिला नाही आणि स्वतः दूर जाऊन बसले.

औशाकडच्या मावशींनी कोळशानं घर काढलं. जाड दगडी भिंती, मधे अंगण, कोपऱ्यात जातं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात गेलेलं त्यांचं घर. त्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली, गावं दुसरीकडं नव्यानं वसवली, सरळ रस्ते आणि सारखी घरं. त्यावर अभ्यास झाले, प्रबंध झाले, मीसुद्धा एम.एस.डब्ल्यू.ला असताना एक निबंध लिहिला. मावशींना मात्र तीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, की घर होतं कसं. चित्रात त्यांनी माणूस एकही काढला नाही. मी त्याबद्दल काही बोलले नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

किनवटकडच्या तांड्यावरच्या एका बाईनं पेटीतून एक अर्धवट भरतकाम आणलं होतं. लग्नाआधी सुरू केलेलं, एकोणीस वर्षं तसंच. त्यात तिनं चार दिवसांत दोन आरसे बसवले. अजून अर्धंच आहे.

ओव्यांचा मला मोठा विचार पडला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या लाखावर आहेत. त्यांत मराठवाड्यातल्याही आहेत. बायकांचं एवढं मोठं काव्य, आणि ते सगळं पहाटे दळण दळताना झालेलं. वाकळ शिवली ती थंडी भागवायला, रांगोळी काढली ती दार सारवून झाल्यावर. म्हणजे कलेलाही कामाचा पास लागतो. तळ्याकाठी दोघींनी चालता चालता ओवी धरली तर जमेना. जात्याची लय हाताची, पायाची नव्हे. थांबल्या, पुन्हा सुरू केली, थोडी उडती केली तेव्हा जमली. याचं मला फार अप्रूप वाटलं.

इंग्रजीच्या एका शिक्षिका मैत्रिणीनं मला निघण्यापूर्वी डोरोथी वर्डस्वर्थची हकिकत सांगितली होती, ती मी शेकोटीपाशी सांगितली. त्याच लेक डिस्ट्रिक्टमध्ये ही भावाबरोबर राही. रोज मैलोन्‌मैल चाले आणि आल्यावर डायरी लिही. त्या डायरीत डोंगर, तळं, पाऊस आहे तसं पाव भाजणं, कपडे धुणं, शिवणंही आहे. १८०२ च्या एप्रिलात तळ्याकाठच्या पिवळ्या फुलांचं तिनं वर्णन लिहून ठेवलं. पुढं दोनेक वर्षांनी भावानं त्याच फुलांवर कविता केली, ती जगभर शाळांत शिकवतात. तिची डायरी तिच्या हयातीत पुस्तक होऊन निघाली नाही. ऐकून एक म्हणाली, "बघितलं बहिणीनं, नाव भावाचं." मला यात थोडं टोक वाटतं, भावानंही फुलं बघितलीच होती. पण मी खोडून काढलं नाही.

आता परत आल्यावरचं. हे मी त्या बाईला विचारून सांगते आहे, तिचं नाव आणि गाव सांगणार नाही. शेवटच्या दिवशी ती पाण्यात पाय सोडून बसली होती, मान मागं टाकून हसत होती. कुणीतरी फोटो काढला, कुणीतरी व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकला. तो तिच्या दिरानं पाहिला. ती घरी पोचली त्या रात्री नवऱ्यानं तिला मारलं, फोन काढून घेतला, गटाच्या बैठका बंद केल्या.

मी भेटायला गेले तेव्हा त्यानं आतून माझंच पत्र आणलं, शिक्क्याचं. समोर ठेवलं आणि म्हणाला, "ताई, ह्यात पाय पाण्यात सोडायचं कुठं लिव्हलंय?"

मारण्याची जबाबदारी मारणाऱ्याची, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पत्रात काहीही लिहिलं असतं तरी त्याला तो हक्क नव्हता, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. संरक्षण अधिकाऱ्यांशी बोलून ठेवलं आहे, २००५ च्या कायद्याखाली अर्ज करायचा की नाही ते ती ठरवेल. पण त्याच्या तोंडी तो प्रश्न माझ्या पत्रानं दिला, हेही खरं. प्रशिक्षणाला जायची परवानगी आम्ही मागितली होती. हसायची मागितलीच नव्हती. ती मागायची हिंमत मला, शिकलेल्या, पगार घेणाऱ्या बाईला झाली नाही आणि त्याची किंमत तिनं मोजली.

समितीत मला विचारलं गेलं, की हिंसाचार, पाणी, मजुरी एवढे प्रश्न असताना मौजमजा कशाला? मी त्यांना दोन कागद दाखवले. २०१९ सालच्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकाम करते आणि पुरुष ९७ मिनिटं. तेही जे पुरुष घरकामाला हात लावतात तेवढ्यांचे, आणि असे शंभरात २६. दुसरा कागद 'सीडॉ' कराराचा. बायकांबाबतच्या भेदभावाविरुद्धचा हा करार संयुक्त राष्ट्रांनी १९७९ साली केला, भारतानं १९९३ साली मान्य केला. त्याच्या तेराव्या कलमात करमणूक, खेळ आणि सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क लिहिलेला आहे. आपण या कराराची किती शिबिरं घेतली! तेरावं कलम मी एकदाही वाचून दाखवलेलं नाही. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत बाईच्या फुरसतीवर एक तास झाल्याचंही मला आठवत नाही.

तर माझं मागणं एवढंच आहे. पुढच्या वर्षी पुन्हा जायचं. हंगाम ऊसतोडीच्या बायकांना विचारून ठरवायचा. जिथं उतरू तिथल्या बाईचा एक दिवस आपण करायचा. फोटो ज्याचा त्यानं विचारल्याशिवाय कुठं टाकायचा नाही. आणि घरी जे पत्र जाईल त्यावर 'सुट्टी' लिहायचं. यात धोका आहे. अठराऐवजी सात जणीच येऊ शकतील, असं मला वाटतं. काही जणींचं म्हणणं आहे, की सात येण्यापेक्षा खोटं बोलून अठरा आलेल्या बऱ्या. काल रात्री दोन वाजेपर्यंत आम्ही यावर भांडलो आणि मिटलं नाही. त्या फोटोतल्या बाईला मी विचारलं. ती म्हणाली, "मला इचारू नका, मी अजून ठरविलं न्हाई. पर माझे पन्नास रुपये लिहून घ्या." लिहून घेतले आहेत.

यावर तुम्हाला काय वाटतं ते मला ऐकायचं आहे, विशेषतः ज्यांना हे पटलं नसेल त्यांच्याकडून. चहाला अजून अर्धा तास आहे.